शेरखानला कोणी मारलं?

मागच्या एका अंकात मी या सदरात ओघात लिहून गेले होते: मुलांना सिनेमा जरूर दाखवा, पण मूळ पुस्तक घरात असू द्या. त्या एका ओळीवर पत्रांचा गठ्ठा आला. पुस्तकात एक आणि पडद्यावर भलतंच, असं का करतात, आणि मुलांना सांगायचं काय, हाच बहुतेकांचा सूर. शाळेच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलामागे बसून एकतीस वर्षं मी हा प्रश्न मुलांच्या तोंडून ऐकला आहे. म्हणून या महिन्यात दुसरा विषय घेत नाही.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. डिस्नेचा १९६७ सालचा 'जंगल बुक' तिने कितीदा पाहिला असेल त्याची गणती नाही. आता वाचनालयातून पुस्तकाचा मराठी अनुवाद आणला, तर म्हणते, "आई, पुस्तक चुकलंय. 'का' अजगर दुष्ट असतो आणि यात तो मोगलीचा मित्र आहे." तिला काय सांगू? (एक आई, वर्धा)

पुस्तक चुकलेलं नाही, हे सांगा. पण तिने थेट पुस्तकालाच जाब विचारला याचा मला फार आनंद झाला. दोन्ही गोष्टी मनात पक्क्या बसल्याशिवाय असा जाब विचारता येत नाही.

रुडयार्ड किपलिंगचं 'जंगल बुक' १८९४ चं, त्याचा दुसरा भाग १८९५ चा. त्यातला 'का' म्हातारा आहे, अफाट ताकदीचा आहे आणि शब्दाला जागणारा आहे. माकडं मोगलीला पळवून ओसाड नगरीत नेतात, तेव्हा बल्लू आणि बगीरा मदत मागायला त्याच्याचकडे जातात, कारण माकडांची सगळ्यात जास्त दहशत त्याचीच. दुसऱ्या भागात दख्खनकडून रानकुत्र्यांची टोळी लांडग्यांवर चालून येते. तिला वैनगंगेच्या कड्यावरच्या मधमाश्यांच्या पोळ्यांखाली ओढून आणायची युक्ती मोगलीला 'का'च देतो. तो नसता तर मोगलीचा कळपच उरला नसता. चित्रपटात त्याच अजगराचं डोळे गरगर फिरवून मुलाला गिळायला टपलेलं एक सोंग केलं आहे. बिल पीट नावाच्या लेखकाने आधी जी पटकथा बेतली होती ती पुस्तकाच्या जवळची, गंभीर होती. वॉल्ट डिस्नेला गाण्यांचा, हसताखेळता सिनेमा हवा होता. पीट निघून गेला आणि गोष्ट बदलली.

बल्लूचंही तसंच. पुस्तकातला बल्लू मास्तर आहे. जंगलचा कायदा पाठ करून घेणारा, चुकलं की टप्पल देणारा. बगीरा त्यावरून त्याच्याशी भांडतो, एवढ्याशा पोराला मारतोस काय म्हणून. पडद्यावर तो आळसावलेला, नाचरा दोस्त झाला. आणि माकडांचा राजा तर पुस्तकात नाहीच! किपलिंगच्या माकडांना ना राजा, ना कायदा, ना कालचं आज आठवत. हीच तर त्यांची ओळख. चित्रपटाने त्यांना ओरांगउटान राजा दिला, जो मुळात सुमात्रा-बोर्निओचा प्राणी. २०१६ सालच्या नव्या चित्रपटात ही चूक त्यांच्या ध्यानात आली असावी. त्यांनी तो राजा ठेवला, पण ओरांगउटान भारतात नसतो म्हणून त्याला जायगँटोपिथेकस नावाचा प्राचीन, आता नामशेष झालेला महाकाय वानर केलं.

हे सगळं मी सोडून देईन. मला खरं दुःख आहे ते शेरखानच्या मरणाचं.

१९६७ च्या चित्रपटात शेरखान मरतच नाही. वीज पडून झाड पेटतं, मोगली जळती फांदी त्याच्या शेपटीला बांधतो आणि वाघ पळून जातो. २०१६ च्या चित्रपटात तो आगीत कोसळतो. आता पुस्तकात काय आहे ते बघा. मोगली माणसांच्या गावात राहायला आला आहे आणि गावाने त्याला म्हशी राखायला दिल्या आहेत. शेरखान पहाटे डुक्कर मारून, खाऊन, वर पाणी पिऊन वैनगंगेच्या एका मोठ्या कोरड्या घळीत पडला आहे. भरल्या पोटाचा वाघ कडा चढू शकत नाही, हे मोगलीला ठाऊक आहे. तो कळपाचे दोन भाग करतो. म्हशी आणि त्यांची पिल्लं घळीच्या खालच्या तोंडाशी. रेडे वरच्या तोंडाशी. कळप फोडायचं काम लांडगे करतात आणि मोगली स्वतः रामा नावाच्या दांडग्या रेड्यावर बसून वरून कळप उधळवतो.

मी भंडाऱ्याची. सिवनीकडून निघालेली वैनगंगा बालाघाट, गोंदिया करत आमच्या गावाला येते. तिचा पूल माझ्या घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. शाळेत दर शनिवारी शेवटच्या तासाला मी मोठ्याने वाचत असे. हे प्रकरण वाचताना मी थांबले आणि विचारलं, आता वाघ कुठे पळेल? बहुतेक मुली-मुलं म्हणाली, म्हशींकडे, कारण रेडे जास्त भयंकर. मागच्या बाकावर एक सातवीतला मुलगा बसायचा, ज्याच्या घरी दुधाचा धंदा होता आणि जो वर्षभरात माझ्या तासाला एक शब्द बोलला नव्हता. तो उठून म्हणाला, "नाही बाई. वगारवाली म्हैस लय खराब राह्यते. तो रेड्यांकडंच वळन."

मी पुढचं वाक्य वाचलं. किपलिंगने तेच लिहिलं आहे: वाघ वळला, कारण वेळ आलीच तर पिल्लावाल्या म्हशींपेक्षा रेड्यांना सामोरं गेलेलं बरं, हे त्याला माहीत होतं. वर्गात एकदम शांतता. मग सगळे त्या मुलाकडे वळून बघायला लागले. हे पुस्तक किपलिंगने अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये बसून लिहिलं आणि त्याच्यातलं एक वाक्य आमच्या वर्गात फक्त त्या एका पोराला आधीच ठाऊक होतं.

म्हणून शेपटीला बांधलेली फांदी मला खटकते. पुस्तकातला मोगली जिंकतो तो गुराखी म्हणून. गावाने त्याला हलकं समजून दिलेलं काम हेच त्याचं शस्त्र होतं. वीज पडली आणि बरं झालं, असं ते नव्हतं. आणि जिंकल्यावर काय होतं तेही चित्रपटांनी गाळलं आहे. वाघाच्या कातड्यावर सरकारचं शंभर रुपयांचं बक्षीस असतं. बुलदेव शिकारी ते लाटायला येतो, जमत नाही, मग गावात जाऊन मोगली चेटकी असल्याचं पसरवतो आणि गाव त्याला दगड मारून हाकलतं. फक्त मेसुआ, जी त्याला आपला हरवलेला मुलगा समजते, तेवढी त्याच्यासाठी रडते. १९६७ च्या चित्रपटाचा शेवट पाण्याला आलेल्या एका मुलीमागे मोगली तिचा घडा डोक्यावर घेऊन हसत गावात जातो असा आहे.

तुमच्या मुलीबरोबर हे प्रकरण वाचा आणि तिला त्या घळीचा नकाशा काढायला सांगा: वरचं तोंड, खालचं तोंड, रेडे, म्हशी, वाघ. नकाशा काढला की तिचा निकाल तीच देईल.

माझ्या मुलाच्या शाळेत इंग्रजी गोष्टींवर प्रश्नमंजूषा होती. "डोरोथीच्या बुटांचा रंग कोणता?" याला त्याने "चंदेरी" लिहिलं. उत्तर "लाल" आहे म्हणून गुण कापला. तो म्हणतो, मी पुस्तकात वाचलंय. त्याचं बरोबर आहे का? (एक वडील, रत्नागिरी जिल्हा)

शंभर टक्के बरोबर आहे. डोरोथी ज्याची नायिका आहे ते एल. फ्रँक बॉमचं 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ' हे पुस्तक १९०० सालचं. त्यात बूट चांदीचे आहेत. १९३९ साली चित्रपट आला तो टेक्निकलर रंगांत, आणि तेव्हा रंगीत चित्रपट ही अपूर्वाई होती. पटकथालेखक नोएल लँग्ली याने बूट माणकांचे केले, कारण पिवळ्या विटांच्या रस्त्यावर लाल बूट जसे उठून दिसतील तसे चंदेरी दिसले नसते. ते लाल बूट इतके गाजले की पुस्तकातले लोक विसरूनच गेले. एक जोड वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दुसरा मिनेसोटातल्या एका संग्रहालयातून २००५ साली चोरीला गेला, २०१८ साली सापडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्यावर २.८ कोटी डॉलरची बोली लागली.

बुटांच्या रंगाबद्दल माझी काही तक्रार नाही. कॅमेऱ्याला काय हवं ते कॅमेरा मागणार. तुमच्या मुलाला मी दुसरीच दोन ठिकाणं दाखवीन.

पहिलं म्हणजे पाण्याची बादली. चित्रपटात चेटकीण डोरोथीच्या सोबती बुजगावण्याला आग लावते, डोरोथी ती विझवायला पाणी फेकते आणि ते चुकून चेटकिणीवर पडतं. पुस्तकात चुकून काही होत नाही. चेटकिणीने डोरोथीला स्वयंपाकघरात भांडी घासायला जुंपलं आहे. तिचे बूट हवेत म्हणून ती वाटेत एक अदृश्य लोखंडी दांडा टाकते. डोरोथी अडखळते, एक बूट निसटतो आणि चेटकीण तो उचलून स्वतःच्या पायात घालते. माझा बूट दे, म्हणून डोरोथी भांडते. ती देत नाही. तेव्हा डोरोथीला असा राग येतो की जवळ असलेली बादली ती तिच्या अंगावर ओतते. पाण्याने चेटकीण विरघळेल हे तिला माहीत नव्हतं, पण पाणी तिच्यावरच ओतायचं होतं. चित्रपटाने तिचा राग काढून तिथे दया ठेवली. दया चांगलीच, पण आपली वस्तू कोणी हिसकावली तर लहान मुलीला राग येऊ शकतो आणि तरी ती चांगली मुलगी असते, हे मला त्या पुस्तकाने शिकवलं. ते पुस्तक मी स्वतः शाळेत असताना वाचलं होतं. त्या वयात असं मला दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरं ठिकाण शेवटचं. चित्रपटात डोरोथी अंथरुणात जागी होते आणि सगळे सांगतात, तुला स्वप्न पडलं. पुस्तकात ओझ, म्हणजे तो जादूचा देश, खरा आहे. ती खरोखर जाऊन आली आहे, आणि चंदेरी बूट येताना वाळवंटात पडून गेले आहेत. बॉमने पुढे आणखी पुस्तकं लिहिली. १९१० सालच्या एका पुस्तकात तर तिचे काका-काकू कर्ज फिटेना म्हणून तिच्याबरोबर कायमचे ओझला राहायला जातात. ज्या मुलीने एवढा प्रवास केला तिला शेवटी मोठ्या माणसांनी तू झोपली होतीस म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही.

गुणाचं म्हणाल तर पुस्तक घेऊन शाळेत जा आणि ते पान शांतपणे दाखवा. मुलालाही बरोबर न्या.

पिनोकिओच्या पुस्तकात रातकिडा मरतो असं माझा दादा म्हणतो. सिनेमात तर तो शेवटपर्यंत असतो. दादा खोटं बोलतोय ना? (वय ११, कोल्हापूर)

नाही रे, दादा खरं बोलतोय. कार्लो कोलोदीच्या मूळ इटालियन गोष्टीत बोलणारा रातकिडा पिनोकिओच्या बाबांच्या खोलीत शंभराहून जास्त वर्षं राहत असतो. तो पिनोकिओला चार शहाण्या गोष्टी सांगायला जातो आणि पिनोकिओ चिडून त्याला लाकडी हातोडा फेकून मारतो. चौथ्या प्रकरणात! पुढे त्याचं भूत येऊन पुन्हा समजावतं. १९४० च्या डिस्नेच्या चित्रपटात त्याला टोपी, छत्री आणि गाणी मिळाली.

तुला आणखी एक सांगते, ते दादाला विचार. ही गोष्ट १८८१ पासून मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः येत होती, आणि कोलोदीने ती पिनोकिओला झाडाला फाशी दिल्यावर संपवून टाकली होती. वाचकांनी पुढे लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा पुढची सगळी गोष्ट झाली. निळ्या केसांची परी त्याला वाचवते, तिथून पुढचं. आणि त्याच्या बाबांना गिळणारा प्राणी पुस्तकात देवमासा नाही, अक्राळविक्राळ शार्क आहे.

आम्ही डब्लिनला असतो. मुलगा सात वर्षांचा. वर्गात सगळे रोआल्ड डालचं 'द विचेस' वाचताहेत. मी आधी स्वतः वाचलं आणि शेवट वाचून घाबरले. चित्रपटात शेवट गोड आहे असं ऐकलं. माझ्या सासूबाई आमच्याकडेच असतात, ८२ वर्षांच्या आहेत, आणि मुलगा त्यांच्याशिवाय झोपत नाही. त्याला पुस्तक देऊ की नुसता चित्रपट दाखवू? (एक आई)

तुमची भीती मला पूर्ण कळते. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आईवडील नसलेला एक मुलगा नॉर्वेजियन आजीबरोबर राहतो. चेटकिणी त्याचा उंदीर करतात. १९८३ च्या पुस्तकात तो उंदीरच राहतो. शेवटी तो आजीला विचारतो, मी किती जगेन? आजी सांगते, साध्या उंदरापेक्षा बरंच जास्त, साधारण नऊ वर्षं. आजी ८६ वर्षांची आहे. मुलगा खूश होतो, कारण आजी गेल्यावर दुसऱ्या कोणाकडे राहायची त्याला इच्छाच नाही. १९९० च्या चित्रपटात एक चांगली चेटकीण येऊन त्याला पुन्हा मुलगा करते. डालला हा बदल मुळीच आवडला नव्हता. २०२० साली पुन्हा चित्रपट निघाला, त्यात गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामात नेली आहे, पण मुलगा उंदीरच राहतो.

मी माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नातू नागपूरहून माझ्याकडे आला होता, आठ वर्षांचा. पुस्तक इंग्रजी, म्हणून मी रात्री दिवाणावर बसून एकेक पान मराठीत सांगत होते. शेवटच्या पानांना मलाच आवंढा आला. मी हळूच त्याच्याकडे पाहिलं. तो रडत नव्हता. बोटांवर मोजत होता. "आजी, तू सदुसष्ट ना? अधिक नऊ. शहात्तर." मी म्हटलं, हो. "शहात्तर म्हणजे कमीच झाले," असं म्हणून तो थोडा वेळ छताकडे बघत राहिला. मग पाणी मागितलं आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी विचारतो, "गोळी घेतली का?" माझी रक्तदाबाची गोळी. त्याच्या आईबाबांनी त्याला कधी सांगितलं नव्हतं, तो मला रोज घेताना बघत होता एवढंच. सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी त्याने ती विचारली. घरी गेल्यावरही पहिले काही दिवस त्याचा फोन यायचा.

आजी एक दिवस जाणार, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला कळतं. आपण ते बोलत नाही म्हणून ते त्याच्या एकट्याच्या डोक्यात राहतं. डालने ते उजेडात आणून एका उंदराच्या तोंडी घातलं. गोड शेवटात मुलाला पुन्हा मुलगा करून टाकलं की तो प्रश्नच पुसला जातो, आणि आपल्याला वाटतं आपण मुलाला जपलं.

पुस्तक द्या. शक्य असेल तर तुम्ही वाचू नका, सासूबाईंनाच सांगू द्या. इंग्रजी वाचायला त्रास होत असेल तर तुम्ही दुपारी त्यांना गोष्ट सांगा, रात्री त्या नातवाला मराठीत सांगतील. त्याने काही विचारलं तर उत्तर त्यांनी द्यावं, तुम्ही नाही. चेटकिणींच्या सभेचं वर्णन मात्र भीतीदायक आहे, ते दिवसा उरका.

२०१७ साली 'फास्टर फेणे' सिनेमा पाहिला आणि अर्ध्यातून उठून यावंसं वाटलं. आमचा बन्या फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. त्याला मोठा करून परीक्षेच्या घोटाळ्यात घातला. भा. रां.नी हे चालवून घेतलं असतं का? (एक आजोबा, पुणे)

काका, तुमच्या पत्रातलं "आमचा बन्या" वाचून मला भरून आलं. माझ्या ग्रंथालयात त्या पुस्तकांना जेवढ्या वेळा बांधणी करावी लागली तेवढी दुसऱ्या कशालाच नाही. पुठ्ठा नवा, आतली पानं मऊसूत, कोपरे गोल झालेले. एका प्रतीच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्का मारायला जागा उरेना, म्हणून मी चिठ्ठीवर चिठ्ठी डकवत गेले.

बन्याचे लेखक भा. रा. भागवत २००१ साली गेले, त्यामुळे त्यांच्या वतीने मी बोलणार नाही. माझं मत सांगते. अमेय वाघने काम चांगलं केलं. वैद्यकीय प्रवेश परीक्षेतला घोटाळा हा विषयही आजच्या मुलांच्या जिवाशी येणारा आहे. आणि दिलीप प्रभावळकरांनी त्यात भा. रा. भागवत नावाचेच म्हातारे लेखक उभे केले. नायक आपल्या लेखकाच्या घरात राहतो ही कल्पना मला मनापासून आवडली. ज्याने पुस्तकांवर माया केली आहे त्यालाच ती सुचते.

पण तुमचा सल तोच माझा सल. बनेश फेणे शाळकरी असणं ही वरवरची बाब नव्हती. त्याच्याकडे अधिकार नाही, पैसा नाही, मोठी माणसं त्याचं ऐकत नाहीत. आहे काय, तर सायकल, चपळ पाय आणि "ट्टॉक". त्यामुळे पाचवीतलं पोर वाचताना स्वतःला त्याच्या जागी बसवू शकायचं. तरुण नायक केला की ती जागा मोठ्यांची होते आणि पोरं प्रेक्षक होतात. डोरोथीचं काम करणारी ज्युडी गार्लंडही चित्रीकरणाच्या वेळी सोळा वर्षांची होती, पण तिच्या वेण्या घालून, झबल्यासारखा झगा घालून त्यांनी निदान तिला लहान ठेवायचा प्रयत्न केला होता.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका आली होती, सुमीत राघवन शाळकरी बन्या झाला होता. ती पाहिलेले तेव्हाचे विद्यार्थी आज पन्नाशीला आले आहेत, आणि भेटले की अजून टाळूला जीभ लावून "ट्टॉक" करून दाखवतात.

सिनेमा लागला होता त्या आठवड्यात माझ्याकडे जुन्या प्रती मागायला मुलं आली, जी एरवी आली नसती. तुमच्या नातवंडांना तुमच्याच प्रती काढून द्या. असतील, मला खात्री आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. प्रोजेक्टर मिळाला आहे. आधी पुस्तक वाचून घेऊ की आधी चित्रपट दाखवू? (एक शिक्षक, गडचिरोली जिल्हा)

सर, आधी पुस्तक. पण पूर्ण नाही. अर्धं वाचा, चित्रपट दाखवा, मग उरलेलं वाचा. चेहरे चित्रपटाने दिले तरी शेवट मुलांच्या हातात राहतो, आणि कुठे बदललंय ते शोधायला ती उरलेली पानं अधाशासारखी वाचतात.

सुरुवात 'श्यामची आई'ने करा. पुस्तक मराठी, चित्रपट मराठी, दोन्ही सहज मिळतात. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. बेचाळीस रात्रींच्या गोष्टी आहेत, त्यातल्या वीस वाचा. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. आमच्या शाळेत तो दाखवल्यावर आठवड्याभराने सहावीतली एक मुलगी पुस्तक घेऊन टेबलाशी आली. चेहरा चिंतेचा. "बाई, यातलं पान फाटलंय. मी नाही फाडलं." कोणतं पान, म्हणून विचारलं, तर "'छडी लागे छम छम'चं. सगळं पुस्तक बघितलं, गाणं नाहीच."

आम्ही दोघींनी पानांचे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजले. एकही पान कमी नव्हतं. मग मी तिला सांगितलं की ते गाणं अत्र्यांनी चित्रपटासाठी लिहिलं, वसंत देसाईंनी चाल लावली, गुरुजींच्या पुस्तकात ते कधी नव्हतंच. तिने लगेच विचारलं, "मग गुरुजींना आवडलं असतं का?" गुरुजी १९५० सालीच गेले होते. तो प्रश्न मी तसाच शनिवारच्या तासाला फळ्यावर लिहिला आणि घंटा होईपर्यंत वर्ग भांडत राहिला. छडीने विद्या येते हे गुरुजींना पटलंच नसतं, असं अर्ध्यांचं म्हणणं. श्यामला आईनेही मारलं होतं की, असं उरलेल्यांचं, आणि त्यांनी ती पानं काढून दाखवली.

तुम्ही दोन रकान्यांची एक वही करा. डावीकडे पुस्तकात काय, उजवीकडे चित्रपटात काय. बरोबर-चूक लिहायला तिसरा रकाना आखू नका. वही कपाटात कुलूपबंद ठेवू नका, प्रोजेक्टरच्या टेबलावरच दोरीने बांधून ठेवा, पेन्सिलीसकट. पहिल्या आठवड्यात दोनच ओळी भरल्या तरी थांबा, घाई करू नका.